गणित बरोबर, हिशेब अर्धा: ‘मनीबॉल’ आणि २००२ चा खरा ओकलंड संघ

‘मनीबॉल’ हा २०११ चा चित्रपट पाहून ज्याची बेसबॉलशी ओळख झाली, अशा कुणालाही विचारा: २००२ साली ओकलंड ॲथलेटिक्स संघातला सगळ्यात भारी खेळाडू कोण? उत्तर बहुधा ‘स्कॉट हॅटबर्ग’ असंच येईल. कोपराच्या दुखापतीमुळे कॅचर (बेसबॉलमधला यष्टिरक्षकच) म्हणून कामातून गेलेला, कुठल्याच संघाला नको असलेला, आणि शेवटी मोक्याच्या क्षणी होमरन, म्हणजे क्रिकेटमधल्या षटकारासारखा फटका, मारणारा हॅटबर्ग. पण त्या वर्षी अमेरिकन लीगचा सर्वोत्तम खेळाडू ठरला मिगेल तेहादा, आणि सर्वोत्तम पिचरला मिळणारा साय यंग पुरस्कार मिळाला बॅरी झीटोला. दोघंही ओकलंडचेच. चौदा संघांच्या लीगमधले दोन सगळ्यात मोठे मान एकाच संघात आले होते. त्याच संघाच्या त्याच मोसमावर काढलेल्या सव्वादोन तासांच्या चित्रपटात मात्र ही दोन नावं कानावरून कधी निघून जातात ते कळतही नाही.

चित्रपट उत्तमच आहे, आणि त्यातलं गणित तर अपेक्षेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. गडबड आहे ती श्रेय कुणाच्या खात्यात टाकलं यात. ती समजायला आधी थोडा खेळ आणि थोडी आकडेमोड समजून घ्यावी लागेल.

बेसबॉलच्या सामन्यात प्रत्येक संघाला नऊ इनिंग मिळतात. तीन जण बाद झाले की इनिंग संपते, म्हणजे सामन्याला एकूण २७ बाद. एवढ्यात जमतील तेवढ्या धावा करायच्या. समोरून पिचर चेंडू फेकतो. तो मारून बॅटर पहिल्या, दुसऱ्या, तिसऱ्या बेसवरून धावत पुन्हा मूळ जागी आला की एक धाव. याशिवाय पहिला बेस गाठायची आणखी एक वाट आहे. पिचरने ठरलेल्या चौकटीबाहेर चार चेंडू टाकले आणि बॅटरने ते सोडून दिले, तर बॅटरला बॅट न फिरवता चालत पहिल्या बेसवर जाता येतं. याला ‘वॉक’ म्हणतात. दिसायला अगदीच मिळमिळीत प्रकार. पण बॅटर बाद झाला नाही आणि बेसवरही पोहोचला. मोजून २७ बाद ज्या खेळात मिळतात, तिथे याची किंमत मोठी असते.

गंमत म्हणजे शंभर-सव्वाशे वर्षं ही किंमत नीट धरलीच गेली नाही, आणि त्याची मुळं थेट क्रिकेटपर्यंत जातात. बेसबॉलच्या आकडेवारीचा पाया घालणारा हेन्री चॅडविक हा इंग्लंडमधल्या एक्झेटरला १८२४ मध्ये जन्मलेला पत्रकार. लहानपणीच तो अमेरिकेत आला, न्यूयॉर्कमध्ये क्रिकेटच्या सामन्यांचे वृत्तांत लिहू लागला आणि मग बेसबॉलकडे वळला. क्रिकेटच्या स्कोअरकार्डाच्या धर्तीवर त्याने बेसबॉलचा स्कोअर बसवला. वॉक त्याच्या मते पिचरची चूक होती, त्यात बॅटरचं कर्तृत्व काय? वाइडची धाव आपण फलंदाजाच्या नावावर न लावता अवांतरमध्ये टाकतो, तसंच काहीसं. त्यामुळे ‘बॅटिंग ॲव्हरेज’ या सगळ्यांच्या तोंडी बसलेल्या आकड्यात वॉक मोजलाच जात नाही.

वास्तविक, पिचरच्या हातून सुटलेला वेगवान चेंडू अर्ध्या सेकंदाच्या आत बॅटरपर्यंत पोहोचतो. तेवढ्यात तो चौकटीत पडणार की बाहेर हे ओळखून बॅट आवरणं हे कौशल्य आहे, आणि काही खेळाडू त्यात वर्षानुवर्षं इतरांहून सरस ठरतात. ही वजाबाकी भरून काढणारा आकडा म्हणजे ‘ऑन-बेस पर्सेंटेज’. बॅटर हजार वेळा खेळायला आला तर त्यातल्या किती वेळा, कोणत्याही वाटेने, बाद न होता बेसवर पोहोचला, हे तो सांगतो. त्या काळात साधारण बॅटरचा हा आकडा हजारात ३३० च्या आसपास असायचा. हॅटबर्गचा २००२ चा होता ३७४. खेळाडूंच्या बाजारात मात्र भाव ठरायचा होमरनवर, बॅटिंग ॲव्हरेजवर आणि पायातल्या वेगावर. उपयुक्त असूनही स्वस्त मिळणारी गोष्ट हेरणं, एवढीच ओकलंडची मूळ कल्पना. चित्रपट ती अगदी नेमकी सांगतो.

चित्रपटातलं ते फळ्यावरचं दृश्य आठवा. मोसमात किमान ९९ सामने जिंकायचे तर संघाने ८१४ धावा करायला हव्यात आणि ६४५ पेक्षा जास्त देता कामा नयेत, असं पीटर ब्रँड नावाचा गोलमटोल अर्थशास्त्रज्ञ सांगतो. पटकथाकाराने आकडे उगाच फेकले असतील असं वाटू शकतं, पण तसं नाही. बिल जेम्स हा कॅन्ससमधल्या एका कॅनिंग कारखान्यात रात्रपाळीचा पहारेकरी होता. १९७७ पासून तो बेसबॉलच्या आकड्यांवरच्या पुस्तिका स्वतःच छापून विकू लागला, आणि त्याने एक साधं सूत्र मांडलं: केलेल्या धावांचा वर्ग घ्या, त्याला केलेल्या आणि दिलेल्या धावांच्या वर्गांच्या बेरजेने भागा, संघाने किती टक्के सामने जिंकायला हवेत ते मिळतं. ८१४ आणि ६४५ घालून पाहा. उत्तर येतं ६१.४ टक्के. मोसमात सामने १६२, म्हणजे विजय साडेनव्याण्णव. ब्रँडचं उत्तर चोख आहे. हिंदी-मराठी चित्रपटातला शास्त्रज्ञ फळ्यावर काय खरडतो हे पाहायची सवय असलेल्या माणसाला हे फारच सुखावणारं वाटतं.

आता तेच सूत्र खऱ्या संघाला लावू. २००२ मध्ये ओकलंडने ८०० धावा केल्या आणि ६५४ दिल्या. सूत्राप्रमाणे विजय यायला हवे होते ९७. प्रत्यक्षात आले १०३. वरचे सहा विजय अटीतटीच्या सामन्यांतल्या हातघाईचे आणि नशिबाचे. आदल्या वर्षीचे, म्हणजे स्टार बॅटर जेसन जिआंबी संघात असतानाचे आकडे शेजारी ठेवले की चित्र आणखी स्पष्ट होतं. २००१ मध्ये या संघाने ८८४ धावा केल्या होत्या आणि ६४५ दिल्या होत्या. विजय होते १०२.

म्हणजे जिआंबी न्यूयॉर्क यांकीजकडे आणि जॉनी डेमन बोस्टनकडे गेल्यावर ओकलंडची फलंदाजी तब्बल ८४ धावांनी घसरली. चित्रपट मात्र आपल्याला उलटच पटवतो. जिआंबीचा ऑन-बेस आकडा ४७७, डेमनचा ३२४, ओल्मेडो साएन्झचा २९१. तिघांची सरासरी ३६४. मग सरासरी ३६४ येईल असे तीन स्वस्त खेळाडू आणले की खड्डा भरला, असा तो युक्तिवाद. बेरीज-भागाकार बरोबर आहे, पण त्यात जिआंबीचे ३८ होमरन कुठेच नाहीत. बेसवर पोहोचणं ही धावांची एक बाजू, आणि फटका किती दूर जातो ही दुसरी. खऱ्या ओकलंडच्या कचेरीत दोन्ही बाजू मोजल्या जात होत्या. पडद्यावर एकच आकडा ठेवणं सोयीचं होतं, आणि सामान्य प्रेक्षकाला एकाच संध्याकाळी दोन नवे आकडे पचवायला लावणं कठीण, हेही खरंच.

फलंदाजी घसरूनही संघ घसरला नाही, कारण दुसरा, म्हणजे दिलेल्या धावांचा रकाना भक्कम होता. टिम हडसन, मार्क मल्डर आणि झीटो या तीन पिचरांच्या नावावर त्या मोसमात अनुक्रमे १५, १९ आणि २३ विजय लागले. १०३ पैकी ५७. (पिचरच्या नावावर विजय लावण्याची पद्धत आकडेवाल्यांना मुळीच मान्य नाही, आणि त्यांचं बरोबर आहे, पण इथे अंदाजापुरती चालेल.) तिसऱ्या बेसवर एरिक चावेझ, त्याचे ३४ होमरन. शॉर्टस्टॉपच्या, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधल्या जागी तेहादा, त्याचेही ३४. ही पाच माणसं वजा केली तर हॅटबर्ग कितीही वेळा चालत पहिल्या बेसवर गेला असता तरी १०३ चा आकडा स्वप्नातही दिसला नसता.

मग एक प्रश्न उरतो, आणि चित्रपट तो विचारतच नाही. संघाकडे पैसा नव्हता, तर लीगमधले असे अव्वल खेळाडू त्याला परवडले कसे?

याचं उत्तर आकडेशास्त्रात कमी आणि करारांच्या नियमात जास्त आहे. अमेरिकन बेसबॉलमध्ये तरुण खेळाडू आपला संघ स्वतः निवडत नाही. दरवर्षी ‘ड्राफ्ट’ होतो, संघ पाळीपाळीने खेळाडू उचलतात, आणि त्या काळी आदल्या मोसमात वाईट खेळलेल्यांची पाळी आधी यायची. मुख्य लीगमध्ये आल्यावर खेळाडू साधारण सहा मोसम त्याच संघाशी बांधलेला असतो. पहिली जवळपास तीन वर्षं संघ देईल तो पगार, आणि तो बहुतेकदा किमान वेतनाच्या आसपासच. पुढची तीन वर्षं मतभेद झाला तर लवाद पगार ठरवतो. सहा वर्षं भरली की खेळाडू मोकळा होतो आणि खुल्या बाजारात बोली लागते. २००२ मध्ये किमान वेतन होतं २ लाख डॉलर. झीटो, म्हणजे त्या वर्षीचा लीगमधला सर्वोत्तम पिचर, ३ लाखांच्या आसपास घेत होता. २००६ च्या मोसमानंतर तो मोकळा झाला आणि सॅन फ्रान्सिस्को जायंट्सने त्याला सात वर्षांसाठी १२ कोटी ६० लाख डॉलर मोजले. खाडी ओलांडली आणि वर्षाचा सरासरी पगार २००२ च्या साठपट. (जायंट्सनी विकत घेतला तो मुख्यतः भूतकाळ, त्याचे सर्वोत्तम दिवस ओकलंडमध्येच सरले होते.)

चित्रपटाच्या सुरुवातीला पडद्यावर दोन रकमा झळकतात: यांकीज ११ कोटी ४४ लाख डॉलर, ओकलंड ३ कोटी ९७ लाख. दोन संघांतली दरी खरीच होती. पण ओकलंडची रक्कम इतकी लहान दिसते याचं मोठं कारण म्हणजे तिथले तारे अजून करारात अडकलेले होते. आणि हे तारे आले कसे? चावेझ १९९६ च्या ड्राफ्टमध्ये दहावा, मल्डर १९९८ मध्ये दुसरा, झीटो १९९९ मध्ये नववा. १९९७ मध्ये ओकलंडने १६२ पैकी ९७ सामने हरले, म्हणून मल्डरसारखा खेळाडू दुसऱ्या क्रमांकावर हाती लागला. तेहादा डॉमिनिकन रिपब्लिकमधला. हॉल ऑफ फेममध्ये गेलेला पिचर वान मारिशाल तेव्हा ओकलंडसाठी लॅटिन अमेरिकेत खेळाडू शोधायचा, त्याच्या काळात तेहादा संघाला मिळाला. खेळाडूची मैत्रीण सुंदर नाही म्हणजे त्याच्यात आत्मविश्वास नाही, असले तर्क लढवणारे म्हातारे स्काउट, म्हणजे खेळाडू हेरणारे लोक, आपण चित्रपटात पाहतो आणि पोटभर हसतो. त्यांच्याच पेशातल्या माणसांनी गाठून दिलेले खेळाडू त्या मोसमात संघाला खांद्यावर घेऊन चालले होते.

बाकीचे बदल चित्रपटवाले नेहमी करतात त्या जातीचे. पीटर ब्रँड नावाचा माणूस नव्हताच. चित्रपटाचा नायक, संघाचा जनरल मॅनेजर बिली बीन, याचा खरा सहायक होता पॉल डिपोडेस्टा, हार्वर्डचा, अंगाने सडपातळ, कॉलेजात खेळलेला. तो २००१ च्या बाद फेरीतल्या पराभवानंतर अचानक सापडला नाही. १९९९ पासूनच ओकलंडमध्ये होता. आपलं नाव पात्राला देऊ नये असं त्याने सांगितलं. ऑन-बेसचा विचारही बीनने शोधलेला नाही. त्याच्या आधीचा जनरल मॅनेजर सँडी आल्डरसन, पेशाने वकील आणि माजी सैनिक, याने तो नव्वदच्या दशकातच तिथे रुजवला होता. जेसनचा भाऊ जेरेमी जिआंबी नवीन खरेदी म्हणून दाखवलाय, प्रत्यक्षात तो २००० पासून संघात होता. खालून हात फिरवणारा पिचर चॅड ब्रॅडफर्डही २००१ मध्येच ओकलंडसाठी खेळला होता.

सगळ्यात जास्त अन्याय झाला तो आर्ट हाववर. बेसबॉलमध्ये ‘मॅनेजर’ म्हणजे मैदानावर संघ खेळवणारा प्रशिक्षक, आणि ‘जनरल मॅनेजर’ म्हणजे कचेरीत बसून खेळाडूंची खरेदी-विक्री करणारा. चित्रपटात हाव हट्टाने हॅटबर्गला बाकावर बसवतो, म्हणून बीन हॅटबर्गच्याच जागी, पहिल्या बेसवर, खेळणाऱ्या कार्लोस पेन्याला विकून टाकतो. खऱ्या मोसमात पेन्याला मे महिन्यातच खालच्या लीगमध्ये पाठवलं होतं, त्याची विक्री जुलैत झाली, आणि हॅटबर्ग तोवर मजेत खेळत होता. भांडणाला कारणच नव्हतं. आपलं असं चित्रण पाहून दुखावलो, हे हावने जाहीरपणे सांगितलं. त्याच्या हाताखाली ओकलंडने लागोपाठ दोन वर्षं शंभरहून जास्त सामने जिंकले होते. गोष्टीला खलनायक हवा, म्हणून जिवंत माणसाला त्या जागी बसवणं मला तरी फारसं पटत नाही.

सलग वीस विजयांचा भाग मात्र जवळपास जसाच्या तसा आहे, कारण तिथे कल्पनेला वावच नव्हता. ४ सप्टेंबर २००२, समोर कॅन्सस सिटी रॉयल्स. ओकलंड ११-० ने पुढे, मग ११-११, आणि नवव्या इनिंगमध्ये बदली बॅटर म्हणून आलेल्या हॅटबर्गचा होमरन. एखाद्या लेखकाने हे रचलं असतं तर संपादकाने खोडलं असतं. पण त्याच्या आधीचे दोन विजय, अठरावा आणि एकोणिसावा, तेही शेवटच्या फटक्यावरच मिळाले होते, आणि दोन्ही वेळा फटका मारणारा होता तेहादा. शिवाय ६० टक्के सामने जिंकणाऱ्या संघाने ठरावीक वीस सामने ओळीने जिंकण्याची शक्यता सुमारे सत्तावीस हजारात एक. आकड्यांवर विश्वास ठेवणाऱ्या चित्रपटाचा कळस हा आकड्यांच्या दृष्टीने निव्वळ योगायोगाचा भाग आहे.

योगायोग उलटाही फिरतो. २००० ते २००३ अशी ओळीने चार वर्षं ओकलंड बाद फेरीत पोहोचलं आणि चारही वेळा पहिल्याच मालिकेत, पाचव्या सामन्यात, ३-२ असं हरलं. सामना जिंकायची शक्यता ५५ टक्के असलेला, म्हणजे स्पष्टपणे सरस संघ पाच सामन्यांची मालिका फक्त ५९ टक्के वेळा जिंकतो. १६२ सामन्यांत गुणवत्ता वर येते, पाचांत ती बुडू शकते. बीनवर टीका करणाऱ्यांनी या चार पराभवांचं फार भांडवल केलं. मला त्यात पद्धतीचा दोष दिसत नाही.

इतर बेसबॉलपटांच्या तुलनेत ‘मनीबॉल’ तरीही वास्तवाच्या बराच जवळ आहे. त्याच्या पुढच्याच वर्षी, २०१२ मध्ये, आलेल्या ‘ट्रबल विथ द कर्व्ह’मध्ये क्लिंट ईस्टवुडचा म्हातारा, दृष्टी अधू झालेला स्काउट नुसत्या आवाजावरून खेळाडूची खोट ओळखतो आणि संगणकवाले तोंडघशी पडतात. तो ‘मनीबॉल’चाच आरसा, फक्त श्रेय दुसऱ्या टोकाला नेऊन ठेवलेलं. २०१४ च्या ‘मिलियन डॉलर आर्म’ची मूळ गोष्ट खरी आहे. उत्तर प्रदेशातले भालाफेक करणारे रिंकू सिंग आणि दिनेश पटेल यांना २००८ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सनी करारबद्ध केलं. चित्रपट करारापाशी थांबतो. दोघांपैकी कुणीही मुख्य लीगपर्यंत पोहोचला नाही.

‘मनीबॉल’ संपताना पडद्यावर एक ओळ येते, की ओकलंडचीच विचारसरणी स्वीकारून बोस्टन रेड सॉक्सने २००४ मध्ये विजेतेपद मिळवलं. खरं आहे. त्यांनी बिल जेम्सलाही सल्लागार म्हणून घेतलं होतं. फक्त त्या वर्षी बोस्टनचा पगारखर्च १२ कोटी डॉलरच्या वर होता, ओकलंडच्या २००२ च्या खर्चाच्या तिप्पट. श्रीमंतांनी वॉक मोजायला सुरुवात केल्यावर स्वस्ताईही संपली. जान हेक्स आणि रेमंड सॉअर या अर्थशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये पगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला, त्यात दिसतं की बेसवर पोहोचण्याच्या कौशल्याला बाजारात आधी कमी भाव होता आणि २००४ पर्यंत ती तफावत भरून निघाली.

तरुण खेळाडूंच्या पगाराची तफावत मात्र त्यानंतरही बरीच वर्षं टिकली. २०२२ मध्ये मालक आणि खेळाडूंच्या संघटनेत नवा करार झाला, तेव्हा किमान वेतन ७ लाख डॉलर ठरलं आणि लवादापर्यंत न पोहोचलेल्या खेळाडूंसाठी दरवर्षी ५ कोटी डॉलरचा वेगळा बोनस निधी ठेवला गेला. अशा खेळाडूने साय यंग पुरस्कार जिंकला तर या निधीतून त्याला आता २५ लाख डॉलर मिळतात.